विंटेज स्टिरिओ रिसीव्हर

विंटेज स्टिरिओ रिसीव्हर म्हणजे साधारणतः १९६० ते १९८० या काळात तयार झालेले, रेडिओ ट्यूनर, प्रीॲम्प्लिफायर आणि पॉवर ॲम्प्लिफायर हे तीन घटक एकाच पेटीत सामावणारे घरगुती ध्वनिउपकरण होय. त्याला दोन स्पीकर आणि एक रेकॉर्ड प्लेयर जोडला की घरातील संगीतश्रवणाचा संच पूर्ण होतो. १९७० च्या दशकात अमेरिका, युरोप आणि जपान येथील मध्यमवर्गीय घरांत या उपकरणाचा मोठा प्रसार झाला. त्या काळातील सर्वांत शक्तिशाली रिसीव्हर आज संग्राहकांच्या आकर्षणाचा विषय असले, तरी दर वाहिनीस १५ ते २० वॉट शक्तीचे कमी किमतीचे नमुने अनेक घरांत अजूनही नित्य वापरात आहेत. महागड्या आणि स्वस्त नमुन्यांतील मुख्य फरक शक्ती, ट्यूनरचा दर्जा आणि सोयी यांचा होता. लहान खोलीत मध्यम आवाजात ऐकताना तो फरक वॉटच्या आकड्यांवरून वाटतो त्याहून बराच कमी असतो.

## नाव आणि व्याख्या

ध्वनिउपकरणांच्या परिभाषेत केवळ रेडिओ संकेत पकडणाऱ्या उपकरणास ट्यूनर म्हणतात. ट्यूनर नसलेल्या, परंतु प्रीॲम्प्लिफायर व पॉवर ॲम्प्लिफायर एकत्र असलेल्या उपकरणास इंटिग्रेटेड ॲम्प्लिफायर म्हणतात. हे दोन्ही एकाच पेटीत आले की त्यास रिसीव्हर ही संज्ञा वापरली जाते. डावी आणि उजवी अशा दोन स्वतंत्र वाहिन्या असल्याने ‘स्टिरिओ’ हे विशेषण लागते. ‘विंटेज’ हा शब्द जुन्या, पण आपल्या काळाची वैशिष्ट्ये टिकवून असलेल्या वस्तूंसाठी वापरला जातो. त्यासाठी ठरलेली कालमर्यादा नाही.

## इतिहास

### पार्श्वभूमी

अमेरिकी अभियंता एडविन आर्मस्ट्राँग याला वारंवारता अधिमिश्रणाचे (एफएम) महत्त्वाचे पेटंट १९३३ मध्ये मिळाले. या पद्धतीत मध्यम लहरींवरील प्रक्षेपणाच्या तुलनेत खरखर अत्यल्प असल्याने ती संगीतासाठी विशेष योग्य ठरली. १९५४ मध्ये हर्मन कार्डन या कंपनीने ‘फेस्टिव्हल डी-१०००’ हा ट्यूनर व ॲम्प्लिफायर एकत्र असलेला हाय-फाय रिसीव्हर बाजारात आणला. स्टिरिओ ध्वनिमुद्रिका १९५८ पासून सर्वसामान्य ग्राहकांस मिळू लागल्या. अमेरिकेत एफएम स्टिरिओ प्रक्षेपणास १९६१ मध्ये मान्यता मिळाली आणि त्याच वर्षी १ जूनपासून ते सुरू झाले. स्टिरिओ ध्वनिमुद्रिका आणि स्टिरिओ रेडिओ हे दोन्ही स्रोत उपलब्ध झाल्याने दोन वाहिन्यांच्या रिसीव्हरची मागणी वाढली.

### ट्रान्झिस्टर आणि जपानी उत्पादक

आरंभीचे रिसीव्हर निर्वात नलिकांवर चालत. ते जड, उष्ण आणि महाग असत. १९६० च्या दशकात सिलिकॉन ट्रान्झिस्टर स्वस्त व विश्वासार्ह झाल्यावर नलिका मागे पडल्या. त्यानंतर पायोनियर, सान्सुई, केनवूड, सोनी, यामाहा, टेक्निक्स, ओन्क्यो इत्यादी जपानी नाममुद्रांनी जागतिक बाजारपेठ व्यापली. मूळची अमेरिकी असलेली मॅरांट्झ ही कंपनी १९६४ मध्ये सुपरस्कोपकडे गेली आणि तिच्या रिसीव्हरांचे उत्पादन पुढे जपानमध्ये होऊ लागले. आशियात तैनात असलेल्या अमेरिकी सैनिकांनी लष्करी भांडारांतून असे संच खरेदी करून मायदेशी नेले. या नाममुद्रा अमेरिकेत परिचित होण्यास त्याचाही हातभार लागला. रेडिओ शॅक या दुकानसाखळीने ‘रिअलिस्टिक’ या नावाने विकलेले संच लहान गावांतील ग्राहकांपर्यंत पोहोचले.

### १९७४ चा शक्तिमापन नियम

१९६० च्या दशकातील जाहिरातींत ॲम्प्लिफायरची शक्ती ‘म्युझिक पॉवर’, ‘पीक पॉवर’ अशा निरनिराळ्या मापांनी सांगितली जाई. क्षणभरच टिकणारी शक्ती आणि दोन्ही वाहिन्यांची बेरीज करून आकडा फुगवला जात असे. त्यामुळे ग्राहकास दोन संचांची तुलना करणे अशक्य होते. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने केलेला नियम नोव्हेंबर १९७४ पासून लागू झाला. त्यानुसार घरगुती ॲम्प्लिफायरची शक्ती जाहीर करताना ती दर वाहिनीची सलग मिळणारी शक्ती असणे, तसेच स्पीकरचा रोध, वारंवारतेची व्याप्ती आणि कमाल विरूपण हे तपशील सोबत देणे बंधनकारक झाले. मापनापूर्वी ॲम्प्लिफायर एक तास एकतृतीयांश शक्तीवर चालवावा लागे. या स्थितीत ॲम्प्लिफायर बराच तापत असल्याने निर्मात्यांना मोठे उष्माशोषक आणि दणकट वीजपुरवठा द्यावा लागला.

या नियमाचा लाभ कमी किमतीच्या संचांनाही झाला. १९७४ नंतरच्या संचावरील ‘१५ वॉट’ हा आकडा लहान दिसत असला, तरी तो मोजून सिद्ध करावा लागणारा आकडा होता.

### शक्तीची स्पर्धा आणि उतार

आकडे तुलनीय झाल्यावर उत्पादकांमध्ये अधिकाधिक वॉट देण्याची चढाओढ लागली. पायोनियरचा १९७८ मधील ‘एसएक्स-१९८०’ दर वाहिनीस २७० वॉटचा होता आणि त्याचे वजन ३५ किलोग्रॅमहून अधिक होते. १९८० च्या दशकात ही लाट ओसरली. धातूच्या दर्शनी पट्टीची व लाकडी पेटीची जागा प्लास्टिकने घेतली, काटा असलेल्या डायलऐवजी अंकीय ट्यूनिंग आले आणि १९८२ मध्ये कॉम्पॅक्ट डिस्क बाजारात आली. पुढे घरगुती चित्रपटांसाठी अनेक वाहिन्यांचे एव्ही रिसीव्हर प्रचलित झाले.

## रचना आणि कार्य

* ट्यूनर : अँटेनाने पकडलेल्या असंख्य संकेतांतून हवे ते केंद्र निवडतो. स्टिरिओ प्रक्षेपणात दोन्ही वाहिन्यांची बेरीज मुख्य संकेतात असते, तर त्यांची वजाबाकी ३८ किलोहर्ट्झच्या उपवाहकावर असते. १९ किलोहर्ट्झचा ‘पायलट’ संकेत ओळखून रिसीव्हर या दोहोंतून डावी व उजवी वाहिनी वेगळी काढतो आणि दर्शनी पट्टीवरील ‘स्टिरिओ’ दिवा लागतो.
* फोनो विभाग : रेकॉर्ड प्लेयरच्या चुंबकीय कार्ट्रिजमधून येणारा संकेत केवळ काही मिलिव्होल्टचा असतो. शिवाय ध्वनिमुद्रिका कापताना खर्ज स्वर मुद्दाम दाबलेले आणि तीव्र स्वर उचललेले असतात. फोनो विभाग हा संकेत वाढवतो आणि स्वरांचा समतोल पूर्ववत करतो.
* प्रीॲम्प्लिफायर : स्रोताची निवड, आवाजाची पातळी, खर्ज व तीव्र स्वरांचे नियंत्रण आणि दोन्ही बाजूंचा समतोल येथे साधला जातो.
* पॉवर ॲम्प्लिफायर : स्पीकरचा पडदा हलवण्यास लागणारी विद्युतशक्ती पुरवतो.
* वीजपुरवठा : रोहित्र, दिष्टकारक आणि मोठे कपॅसिटर यांचा बनलेला असतो. संचाचे बरेचसे वजन रोहित्राचे असते.

ट्यूनिंगच्या बटणामागे बहुधा जड गतिपालचक्र बसवलेले असते. त्यामुळे बटणास हलका झटका दिला तरी काटा डायलच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाकडे संथपणे सरकत जातो. मॅरांट्झच्या संचांत उभ्या बटणाऐवजी बोटाने फिरवायचे आडवे चाक असे. मॅरांट्झच्या डायलचा निळसर प्रकाश दिव्यापुढील रंगीत पापुद्र्यामुळे मिळत असे.

## कमी किमतीचे नमुने

बहुतेक उत्पादक एकाच मालिकेत सहा ते आठ नमुने काढत. बाह्यरूप जवळजवळ सारखे ठेवून किमतीनुसार शक्ती व सोयी बदलल्या जात. १९७६ च्या सुमारास आलेली पायोनियरची ‘एसएक्स’ मालिका हे त्याचे ठळक उदाहरण आहे. पुढील तक्त्यात ८ ओहम रोधाच्या स्पीकरसाठी दर वाहिनीची शक्ती आणि सर्वांत लहान नमुन्याच्या तुलनेत मिळणारी ध्वनिपातळीतील कमाल वाढ दिली आहे.

| नमुना | शक्ती (वॉट) | एसएक्स-४५० पेक्षा वाढ (डेसिबल) |
|---|---|---|
| एसएक्स-४५० | १५ | – |
| एसएक्स-५५० | २० | १.२ |
| एसएक्स-६५० | ३५ | ३.७ |
| एसएक्स-७५० | ५० | ५.२ |
| एसएक्स-८५० | ६५ | ६.४ |
| एसएक्स-९५० | ८५ | ७.५ |
| एसएक्स-१०५० | १२० | ९.० |
| एसएक्स-१२५० | १६० | १०.३ |

लहान नमुन्यांत प्रामुख्याने पुढील बाबींत काटकसर केली जाई :

* लहान रोहित्र, कमी क्षमतेचे कपॅसिटर आणि लहान उष्माशोषक;
* ट्यूनरमध्ये कमी टप्पे आणि बहुधा दोनऐवजी एकच मीटर;
* टेप डेक व रेकॉर्ड प्लेयरसाठी कमी जोडण्या;
* मध्यम स्वरांचे स्वतंत्र नियंत्रण व काही गाळण्यांचा अभाव;
* काही संचांत स्पीकरच्या संरक्षणासाठी असणाऱ्या रिलेचा अभाव.

१९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात काही स्वस्त संचांत सुट्या ट्रान्झिस्टरांऐवजी संपूर्ण पॉवर ॲम्प्लिफायर एकाच संकुलात सामावणारे ‘एसटीके’ मालिकेचे भाग वापरण्यात आले. त्यामुळे जुळणी सोपी झाली. मात्र असा भाग जळाल्यास तो संपूर्ण बदलावा लागतो.

## वॉट आणि ध्वनीची पातळी

मानवी श्रवणेंद्रियाचा प्रतिसाद शक्तीच्या सरळ प्रमाणात नसतो. शक्ती दुप्पट केली असता ध्वनिपातळी केवळ ३ डेसिबलने वाढते आणि हा फरक कानाला माफक जाणवतो. आवाज साधारण दुप्पट मोठा भासण्यासाठी १० डेसिबलची, म्हणजेच दहापट शक्तीची गरज असते. त्यामुळे वरील मालिकेतील १६० वॉटचा संच १५ वॉटच्या संचापेक्षा दहापट नव्हे, तर जेमतेम दुप्पट मोठा वाजू शकतो.

एक वॉट शक्तीवर एक मीटर अंतरावर ९० डेसिबल ध्वनी देणारा स्पीकर घेतल्यास, १५ वॉटवर त्याच अंतरावर सुमारे १०२ डेसिबल पातळी मिळते. सामान्य संभाषण ६० डेसिबलच्या आसपास असते. याचा अर्थ असा की घरात मध्यम आवाजात गाणे ऐकताना ॲम्प्लिफायर बहुतेक वेळ एका वॉटहून कमी शक्ती पुरवत असतो.

उरलेली शक्ती संगीतातील क्षणिक आघातांसाठी राखीव असते. तबल्याची थाप, पखवाजाचा खर्ज किंवा वाद्यवृंदातील आकस्मिक उठाव यांच्यासाठी सरासरीच्या दहापट वा अधिक शक्ती लागू शकते. ती अपुरी पडल्यास ध्वनितरंगाचे माथे कापले जातात आणि आवाज कर्कश होतो. म्हणून मोठ्या दिवाणखान्यात किंवा कमी संवेदनशील स्पीकरांसह लहान संच अपुरा पडतो. संवेदनशील स्पीकर निवडणे हा त्यावरचा स्वस्त उपाय होय. ९३ डेसिबलचा स्पीकर जोडल्यास ९० डेसिबलच्या स्पीकरच्या तुलनेत शक्ती दुप्पट केल्याचाच परिणाम मिळतो.

## श्रवण आणि वापर

एफएम : स्टिरिओ प्रक्षेपण खरखरीविना ऐकण्यासाठी एकवाहिनी (मोनो) प्रक्षेपणापेक्षा बराच प्रबळ संकेत लागतो. दुर्बल केंद्र लागल्यास ‘मोनो’ कळ दाबल्याने दोन्ही बाजूंचा भेद जातो, पण खरखर लक्षणीय कमी होते. सपाट दुपदरी तारेची सुमारे दीड मीटर लांबीची टी आकाराची अँटेना भिंतीवर आडवी ताणून बसवणे हा अनेक ठिकाणी पुरेसा उपाय ठरतो.

आधुनिक स्रोत : सीडी प्लेयर किंवा मोबाईल फोन ‘ऑक्स’ अथवा ‘टेप’ जोडणीस लावता येतो. या जोडण्या सुमारे १५० मिलिव्होल्टच्या संकेतावर पूर्ण शक्ती देतील अशा बेताने आखलेल्या असतात, तर सीडी प्लेयर सुमारे २ व्होल्टपर्यंत संकेत देतो. त्यामुळे आवाजाचे बटण थोडेसे फिरवताच आवाज मोठा होतो. यावरून संच फार शक्तिशाली आहे असा समज होतो, तो चुकीचा आहे. हे स्रोत ‘फोनो’ जोडणीस मात्र लावू नयेत. संकेत प्रमाणाबाहेर वाढून आवाज विकृत होतो.

लाउडनेस कळ : आवाज लहान असताना कानास खर्ज स्वर तुलनेने क्षीण भासतात. हार्वे फ्लेचर आणि विल्डन मन्सन यांनी १९३३ मध्ये हा परिणाम मोजून मांडला. लाउडनेस कळ लहान आवाजात खर्ज, आणि काही संचांत तीव्र स्वरही, उचलून धरते. रात्री हळू आवाजात ऐकताना ती उपयुक्त ठरते. मोठ्या आवाजात ती बंद ठेवणे इष्ट असते.

स्पीकरची जोडणी : स्पीकरचा रोध संचाच्या मागील बाजूस छापलेल्या किमान मर्यादेपेक्षा कमी नसावा. ‘ए’ आणि ‘बी’ असे स्पीकरचे दोन जोड समांतर जोडून एकाच वेळी वाजवल्यास एकूण रोध निम्मा होतो आणि लहान संचाचे ॲम्प्लिफायर अतितप्त होण्याचा संभव असतो.

## कालपरत्वे उद्भवणारे दोष

चार-पाच दशकांनंतर पुढील दोष सर्रास आढळतात :

* नियंत्रणांची खरखर : बटणे व कळांच्या आतील संपर्कांवर गंज व धूळ साचल्याने आवाज तुटतो किंवा एक वाहिनी अधूनमधून बंद पडते. संपर्क स्वच्छ करणारा योग्य द्रव वापरल्यास हा दोष बहुधा दूर होतो.
* कपॅसिटर सुकणे : इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरमधील द्रव कालांतराने आटतो. घुंई ऐकू येणे, खर्ज कमी होणे किंवा एक बाजू क्षीण होणे ही त्याची लक्षणे आहेत.
* दिवे जाणे : डायलचे लहान दिवे जळतात. त्याचा ध्वनीवर परिणाम होत नाही.
* स्पीकरकडे एकदिश विद्युतदाब जाणे : पॉवर ट्रान्झिस्टर निकामी झाल्यास एकदिश प्रवाह थेट स्पीकरमध्ये जाऊन त्याची गुंडाळी जळू शकते. संरक्षक रिले नसलेल्या संचांत हा धोका अधिक असतो. काही जुन्या लहान संचांत स्पीकरच्या मार्गात मोठा कपॅसिटर असतो. तो एकदिश प्रवाह अडवतो.

दीर्घकाळ बंद असलेला संच थेट विजेवर न लावता १०० वॉटच्या आसपासच्या तंतुदीपाशी एकसरीत जोडून (सिरीज लॅम्प) आधी तपासण्याची पद्धत दुरुस्ती कारागिरांत रूढ आहे. आत लघुपरिपथ असल्यास दिवा प्रखर पेटतो आणि संच बचावतो. त्यानंतर स्पीकर न जोडता त्यांच्या टोकांवरील एकदिश विद्युतदाब मल्टिमीटरने मोजला जातो; तो सामान्यतः ५० मिलिव्होल्टच्या आत असणे समाधानकारक मानतात. वीज काढल्यानंतरही मोठ्या कपॅसिटरमध्ये भार शिल्लक राहतो, म्हणून पेटी उघडण्याचे काम माहीतगार व्यक्तीनेच करणे आवश्यक असते.

कमी किमतीच्या संचांत भाग कमी व मांडणी सुटसुटीत असल्याने, सुटे ट्रान्झिस्टर असलेल्या नमुन्यांची दुरुस्ती तुलनेने सोपी असते. याउलट एसटीके संकुल जळालेल्या संचांसाठी अस्सल भाग मिळणे कठीण झाले असून बाजारात नकली भागही विकले जातात. खरेदीची किंमत कमी असली तरी दुरुस्तीची मजुरी मोठ्या संचाइतकीच पडू शकते. त्यामुळे लहान संच दुरुस्त करणे परवडेल की नाही, हा निर्णय अनेकदा दोषाच्या स्वरूपावर अवलंबून असतो.

## भारतातील वापर

भारतात एफएम प्रक्षेपणास २३ जुलै १९७७ रोजी मद्रास (आताचे चेन्नई) येथून प्रारंभ झाला. त्यामुळे १९७० च्या दशकात महाराष्ट्रात आलेल्या परदेशी रिसीव्हरच्या एफएम पट्ट्यावर ऐकण्याजोगे काही नव्हते. हे संच मुख्यतः ध्वनिमुद्रिका व टेप ऐकण्यासाठी आणि मध्यम लहरींवरील आकाशवाणीसाठी वापरले गेले. अमेरिकी बाजारपेठेसाठी बनवलेल्या बहुतेक रिसीव्हरांत लघुलहरींचा पट्टा नसे. साहजिकच रेडिओ सिलोनवरील ‘बिनाका गीतमाला’सारखे लोकप्रिय कार्यक्रम त्यांवर लागत नसत. त्यासाठी घरातील साधा रेडिओच उपयोगी पडे. १९९३ मध्ये मुंबई, दिल्ली अशा शहरांत खासगी कंपन्यांना आकाशवाणीच्या एफएमवर वेळ देण्यात आला आणि या पट्ट्याची लोकप्रियता वाढली.

आयात वस्तूंवरील निर्बंध व जबर करांमुळे परदेशी संच दुर्मीळ होते. दरम्यान कोलकाता येथे १९७० मध्ये स्थापन झालेल्या सोनोडाइनसारख्या देशी कंपन्यांनी स्टिरिओ उपकरणे बनवण्यास सुरुवात केली. मुंबईत लॅमिंग्टन रोड परिसर इलेक्ट्रॉनिक सुट्या भागांसाठी, तर चोर बाजार जुन्या वस्तू व ध्वनिमुद्रिकांसाठी प्रसिद्ध आहे.

परदेशातून आणलेला संच भारतात वापरताना पुढील बाबी तपासाव्या लागतात :

* विद्युतदाब : अमेरिकी संच १२० व्होल्टवर व जपानमधील देशांतर्गत संच १०० व्होल्टवर चालतात. भारतातील २३० व्होल्टवर ते थेट लावल्यास निकामी होतात. मागील बाजूस विद्युतदाब निवडण्याची सोय नसल्यास पुरेशा क्षमतेचे अवरोही रोहित्र (स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर) आवश्यक असते.
* एफएम पट्टा : जपानमधील जुन्या देशांतर्गत संचांचा एफएम पट्टा ७६ ते ९० मेगाहर्ट्झचा असतो, तर भारतात ८८ ते १०८ मेगाहर्ट्झचा पट्टा वापरला जातो. त्यामुळे अशा संचांवर भारतातील बहुतेक केंद्रे लागत नाहीत.
* तीव्र स्वरांची भरपाई : अमेरिकेत प्रक्षेपणापूर्वी तीव्र स्वर ७५ मायक्रोसेकंदांच्या मानकानुसार, तर भारतात ५० मायक्रोसेकंदांच्या मानकानुसार उचलले जातात. म्हणून अमेरिकी संचावर भारतीय एफएम केंद्रे किंचित मंद व दबलेली ऐकू येतात. तीव्र स्वरांचे बटण थोडे वाढवून ही उणीव बरीचशी भरून काढता येते.

## संग्रह आणि मूल्य

२००० नंतरच्या काळात ध्वनिमुद्रिकांविषयी पुन्हा रुची निर्माण झाल्याने जुन्या रिसीव्हरांची मागणी वाढली. अंगभूत फोनो विभाग हे त्याचे एक व्यावहारिक कारण आहे, कारण नंतरच्या अनेक ॲम्प्लिफायरमधून तो वगळण्यात आला होता. संग्राहक प्रामुख्याने मालिकेतील सर्वांत मोठ्या नमुन्यांच्या शोधात असतात. त्यामुळे त्यांच्या किमती वाढल्या आणि लहान नमुने तुलनेने स्वस्त राहिले.

एफएमचे भवितव्य सर्वत्र सारखे नाही. नॉर्वेने २०१७ मध्ये राष्ट्रीय केंद्रांचे एफएम प्रक्षेपण बंद करून अंकीय रेडिओ स्वीकारला. असा बदल झालेल्या देशांत रिसीव्हरचा ट्यूनर निरुपयोगी ठरतो. तथापि फोनो, ऑक्स आणि टेप जोडण्यांमुळे उरलेला संच ॲम्प्लिफायर म्हणून वापरता येतो.